परकं रक्त आणि ऑपरेशननंतरचे दिवस

मूत्रपिंड बदलण्याच्या रांगेतल्या रुग्णाला होता होईतो रक्त चढवायचं नाही, असं १९६० च्या दशकाच्या अखेरीस अनेक केंद्रांचं धोरण होतं. डायलिसिसवरच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कायम खालावलेलं असतं. तांबड्या पेशी तयार करायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडातच बनतं आणि तेच निकामी झालेलं असतं. हे संप्रेरक औषध म्हणून बाजारात यायला १९८९ साल उजाडलं. तोवर रक्त चढवण्यावाचून फारसा इलाज नव्हता. पण पिशवीबरोबर दात्याच्या पांढऱ्या पेशीही येत. त्यांच्याविरुद्ध रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होणार आणि उद्या नवं मूत्रपिंड बसवलं की ती त्याच्यावर तुटून पडणार, अशी डॉक्टरांना भीती वाटे. भीती खोटी नव्हती. असं होतं, आजही होतं.

१९७३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरहार्ड ओपेल्झ आणि पॉल तेरासाकी यांनी प्रत्यारोपणाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आकडे उलट बोलले. ज्यांना आधी कधीच रक्त दिलेलं नव्हतं, त्यांची बसवलेली मूत्रपिंडं जास्त संख्येने वाया गेली होती. ज्यांना रक्त मिळालं होतं, त्यांची जास्त टिकली होती. तेरासाकी हा साधासुधा माणूस नव्हता. जपानी वंशाचा म्हणून दुसऱ्या महायुद्धात कुटुंबासकट अमेरिकेतल्या छावणीत डांबला गेलेला हा मुलगा पुढे ऊती जुळवून पाहण्याची चाचणी घडवणारा शास्त्रज्ञ झाला. त्याच्या आकड्यांना कोणी सहज झटकून टाकू शकत नव्हतं. हळूहळू रीतच पालटली. रक्त टाळणारी केंद्रं प्रत्यारोपणाआधी मुद्दाम रक्त चढवू लागली. काही ठिकाणी तर मूत्रपिंड देणाऱ्या नातेवाइकाचंच रक्त आधी थोडं थोडं देऊन पाहत.

१९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं आणि प्रतिकारशक्ती दाबून ठेवायचं काम गोळीनेच होऊ लागलं. शिवाय एचआयव्हीच्या भयाने रक्ताकडे बघण्याची नजरच बदलली. ही पद्धत मागे पडली, पण परिणाम खरा होता. १९९७ साली ओपेल्झ आणि सहकाऱ्यांनी नव्या औषधांच्या जमान्यात रीतसर चाचणी घेतली. प्रत्यारोपणाआधी तीन पिशव्या रक्त मिळालेल्यांची ९० टक्के मूत्रपिंडं वर्षभर टिकली, न मिळालेल्यांची ८२ टक्के.

म्हणजे परकं रक्त अंगात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती थोडी मवाळ होते. ज्याला परकं मूत्रपिंड पचवायचंय त्याला हे वरदानच. पण हर्निया, आतडं, गर्भाशय किंवा हृदयाच्या ऑपरेशननंतर पडून असलेल्या माणसाला मवाळ प्रतिकारशक्ती नको असते. त्याची जखम ताजी असते, लघवीच्या वाटेत नळी असते, छाती नीट फुगत नसते. जंतूंना याहून सोयीचा काळ कोणता? आणि गाठ कॅन्सरची असेल, तर चाकू लागताना रक्तात निसटलेल्या चार-दोन पेशी टिपायचं कामही याच यंत्रणेकडे असतं. ही शंका १९८१ साली लॅन्सेटमधल्या एका पत्रात मांडली गेली. पुढल्याच वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवरचा अहवाल तिथेच छापून आला. ऑपरेशनच्या वेळी रक्त मिळालेल्यांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. मग अशा अहवालांची रांगच लागली. जखम चिघळणं, पोटात पू होणं, न्यूमोनिया, सगळं रक्त चढवलेल्या रुग्णांत जास्त.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या विषयातलं सगळं भांडण या जागीच आहे. रक्त कोणाला चढवतात? ज्याचं ऑपरेशन लांबलं, ज्याची गाठ मोठी आणि आजूबाजूला चिकटलेली निघाली, ज्याचं रक्त जास्त गेलं, जो म्हातारा आहे, जो आधीच फिकट होता, त्याला. असा माणूस रक्त न देताही जास्त आजारी पडणारच. मग दोष पिशवीचा की परिस्थितीचा? नुसत्या नोंदी चाळून याचं उत्तर मिळत नाही. आकडेशास्त्राने कितीही दुरुस्त्या केल्या, तरी सर्जनने ऑपरेशनच्या टेबलाशी कपाळावर आठ्या घालून ‘दोन पिशव्या मागवा’ म्हटलं, त्या आठ्यांची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते.

या कोड्याला सर्वांत सुंदर छेद दिला तो नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या ४७५ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला गरज पडल्यास रक्तपेढीतलं परकं रक्त. दुसऱ्याला त्यांचंच, ऑपरेशनच्या आधी काढून ठेवलेलं स्वतःचं रक्त. परकेपणाच घातक असेल, तर स्वतःचं रक्त घेणाऱ्यांचं भलं व्हायला हवं होतं. १९९३ साली निकाल छापून आला. दोन्ही गटांत फरक नव्हता. मात्र कुठलंही रक्त लागलेल्या रुग्णांत, अगदी स्वतःचं का असेना, कॅन्सर उलटण्याचं प्रमाण रक्त न लागलेल्यांपेक्षा जास्त होतं. म्हणजे निदान कॅन्सरच्या बाबतीत तरी बोट परिस्थितीकडे दाखवत होतं. रक्तामुळे कॅन्सर उलटतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा.

जंतुसंसर्गाची गोष्ट वेगळी आहे. ती समजायला पिशवीत काय असतं ते जवळून बघायला हवं.

दात्याच्या हातातून साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलिलिटर रक्त पिशवीत उतरतं. ते यंत्रात गरगर फिरवलं की तीन थर होतात. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला गडद तांबड्या पेशी आणि मध्ये सायीसारखा पातळ, करडा-पांढरा थर. तो पांढऱ्या पेशींचा आणि प्लेटलेटचा. प्लाझ्मा एका पिशवीत, प्लेटलेट दुसरीत, आणि उरलेल्या तांबड्या पेशी म्हणजे वॉर्डात ज्याला पीसीव्ही म्हणतात ती पिशवी. दोन ते सहा अंश सेल्सिअसला, साठवणीच्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस ती टिकते. एका दात्याच्या रक्तात दोन ते चार अब्ज पांढऱ्या पेशी असतात. मधला थर काढून टाकला, तरी कोट्यवधी पेशी तांबड्यांच्या गर्दीत राहून जातात. बारीक तंतूंच्या गाळणीतून पिशवी गाळली, तर त्या दहा लाखांच्या खाली आणता येतात. युरोपातली मर्यादा तीच आहे, अमेरिकेत पन्नास लाख.

या पेशी रुग्णाच्या अंगात गेल्यावर दोन गोष्टी करतात. पहिली म्हणजे त्या जिवंतपणीच तिथे काही काळ राहतात. एरवी निरोगी असलेल्या, पण मोठ्या अपघातात भरपूर रक्त द्यावं लागलेल्या रुग्णांत दात्याच्या पेशी वर्षभराहून अधिक काळ सापडल्या आहेत. आपल्या शरीरात परकी वस्ती नांदू द्यायची, तर शरीराला काही अंशी डोळेझाक करायला शिकावं लागतं. दुसरी गोष्ट त्या मरताना करतात. थंडीत ठेवलेल्या पिशवीत पांढऱ्या पेशी लवकर फुटतात आणि त्यांच्या पोटातली रसायनं बाहेर सांडतात. म्हणून गाळायचं तर केव्हा, याला महत्त्व आहे. कॅनडातले मॉरिस ब्लाजमन आणि सहकारी यांनी ससे आणि उंदरांवर प्रयोग केले. साठवण्याआधी रक्त गाळल्याने, परक्या रक्तामुळे होणारी प्राण्यांतल्या गाठींची जादा वाढ टळली, तर आधी साठवून मग गाळलेल्या रक्ताने तसा फायदा झाला नाही. पेशी काढल्या, पण त्यांनी सांडलेलं आतच राहिलं.

यात ऑपरेशनचाही हात असतो, हे विसरता कामा नये. चाकू लागला की शरीरात कॉर्टिसॉल उसळतं. आधी जळजळीची लाट येते, मग तिला आवर घालणारी उलट लाट. नैसर्गिक मारक पेशी मंदावतात, टी पेशींची जंतूंशी थेट लढण्याची बाजू लंगडी पडते, इंटरल्युकिन-१० सारखे शांत बसवणारे निरोप वाढतात. भूल आणि काही वेदनाशामकंही यात भर घालतात. रक्त चढवल्याने प्रयोगशाळेत जे बदल दिसतात ते बरेचसे याच दिशेचे आहेत. म्हणजे आधीच वाकलेल्या फांदीवर आणखी भार पडतो. निरोगी माणसाला एक पिशवी दिली तर कदाचित काहीच जाणवणार नाही. आतडं कापून जोडलेल्या माणसाला चार पिशव्या दिल्या, तर गोष्ट निराळी.

मग गाळलेलं रक्त दिलं की संसर्ग कमी होतो का? डेन्मार्कमध्ये आतड्याच्या ऑपरेशनच्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९६ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या चाचणीचा निकाल थक्क करणारा होता. न गाळलेलं रक्त मिळालेल्यांत जखमेत किंवा पोटात पू होण्याचं प्रमाण १२ टक्के, गाळलेलं मिळालेल्यांत शून्य. न्यूमोनिया २३ टक्के विरुद्ध ३ टक्के. इतका स्वच्छ निकाल पाहून मला तरी आनंदाआधी संशय येतो. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी शेजारच्या नेदरलँड्समध्ये जवळपास सातशे रुग्णांवर झालेल्या तशाच चाचणीत काहीही फरक दिसला नव्हता. मग १९९८ साली नेदरलँड्समधूनच हृदयाच्या ऑपरेशनची चाचणी आली. दोन महिन्यांतले मृत्यू न गाळलेल्या रक्ताच्या गटात ७.८ टक्के आणि गाळलेल्या रक्ताच्या दोन गटांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यातही गंमत अशी की हा फरक संसर्गाच्या मृत्यूंत फारसा नव्हताच.

शास्त्रज्ञ वाद घालत राहिले आणि निर्णय भलत्याच कारणाने झाला. ब्रिटनमध्ये वेड्या गाईंच्या रोगाचा माणसातला अवतार पांढऱ्या पेशींतून पसरेल या भीतीने १९९९ च्या अखेरीपर्यंत सगळंच रक्त गाळायला सुरुवात झाली. कॅनडानेही त्याच सुमारास तसं केलं. त्यामुळे एक आयता प्रयोग हाती आला. कॅनडात बदलाच्या आधीचे आणि नंतरचे मिळून १४,७८६ रुग्ण तपासले गेले. त्यांत हृदयाच्या, खुब्याच्या ऑपरेशनचे आणि अतिदक्षता विभागातले होते. इस्पितळातले मृत्यू ७.०३ वरून ६.१९ टक्क्यांवर आले. ताप कमी झाला, अँटिबायोटिकचा वापर कमी झाला. पण गंभीर संसर्गांत ठोस घट दिसली नाही. डॅनिश निकालाच्या मानाने हा फारच बेताचा फायदा आहे, आणि मला वाटतं खरं उत्तर याच्याच आसपास आहे. पांढऱ्या पेशींचा हात आहे, पण त्या एकट्या दोषी नाहीत.

दुसरा आरोपी तांबडी पेशीच आहे. पिशवीत ती म्हातारी होते. तिचा आकार बिघडतो, कवच ताठर होतं. रक्त चढवल्यावर चोवीस तासांत निदान ७५ टक्के पेशी रुग्णाच्या रक्तात टिकल्या पाहिजेत, असा नियम आहे. म्हणजे चौथा हिस्सा एका दिवसात मोडीत निघाला तरी नियमात बसतं. हा माल प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी गिळतात. एरवी या पेशी रोज थोड्या थोड्या म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळून त्यांतलं लोह जपून ठेवत असतात. एकाएकी एवढा भार आला की पंगतीवर पंगत उठवणाऱ्या वाढप्यासारखी त्यांची गत होते. दाराशी कोण आलंय ते बघायला सवड उरत नाही. शिवाय लोह उतू जातं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना त्यांचंच रक्त परत दिलं. एकदा काही दिवसांचं, एकदा सहा आठवड्यांचं. २०११ साली त्यांनी दाखवलं की जुन्या रक्तानंतर प्लाझ्मात कशालाही न चिकटलेलं, मोकळं लोह वाढतं आणि असा प्लाझ्मा परीक्षानळीत ई. कोलाय जंतूंना चांगला मानवतो. जंतूंना लोह लागतं आणि शरीर ते त्यांच्यापासून लपवून ठेवायचा आटापिटा करत असतं.

म्हणून ताजं रक्त द्या, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. आपल्याकडे तर नातेवाईक हट्टच धरतात, ‘डॉक्टर, ताजं द्या, फ्रिजमधलं नको.’ पण प्रत्यक्ष चाचण्यांनी या हट्टाला साथ दिली नाही. २०१६ साली छापून आलेल्या चार देशांतल्या एका चाचणीत वीस हजारांहून अधिक रुग्णांना ताजं किंवा नेहमीसारखं साठवलेलं रक्त दिलं गेलं आणि मृत्यूंत फरक पडला नाही. अतिदक्षता विभागातल्या आणि हृदयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांवरच्या वेगळ्या चाचण्यांचंही हेच. शेवटच्या आठवड्यातल्या रक्ताबद्दल थोडी शंका शिल्लक आहे, कारण या चाचण्यांत ते फार जणांच्या वाट्याला आलं नाही.

दुसरा हट्ट जास्त धोक्याचा आहे. ‘बाहेरचं कशाला, माझ्याच मुलाचं रक्त घ्या.’ प्रेम समजतं, पण प्रतिकारशक्तीच्या हिशोबात घरचं रक्त हे परक्यापेक्षा फसवं असतं. मुलाच्या निम्म्या ऊती-खुणा आईकडून आलेल्या असतात. क्वचित असं जुळून येतं की त्याच्या पांढऱ्या पेशींवर आईच्या शरीराला परकं असं काहीच दिसत नाही, पण त्या पेशींना मात्र आई परकी दिसते. मग त्या तिच्या अंगात मुरतात, वाढतात आणि तिच्यावरच हल्ला चढवतात. जपानमध्ये १९५५ साली ऑपरेशननंतर अंगभर लाली येऊन दगावणाऱ्या रुग्णांची नोंद झाली. कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. तिथे हृदयाच्या ऑपरेशनला ताजं, बऱ्याचदा नातेवाइकांचं रक्त द्यायची पद्धत होती आणि लोकांच्या ऊती-खुणाही एकमेकांशी बऱ्यापैकी मिळत्याजुळत्या. दहाएक दिवसांनी ताप, पुरळ, जुलाब, मग अस्थिमज्जाच बंद पडते. यातून नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण वाचत नाहीत. गाळणी इथे पुरेशी नाही. पिशवीला २५ ग्रे किरणांचा मारा देऊन पांढऱ्या पेशींची वाढायची ताकद मारावी लागते. त्यामुळे जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल, तर ते किरणित करूनच. ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते. नातेवाइकाने रक्तदान जरूर करावं, पण ते रक्तपेढीत जमा व्हावं आणि दुसऱ्या कोणाला जावं.

गाळणं, किरणित करणं, ताजं-शिळं बघणं हे सगळं पिशवी लावायची ठरल्यानंतरचं. सगळ्यांत मोठा फरक पडला तो मुळात कमी पिशव्या लावल्याने. १९९९ साली कॅनडातल्या चाचणीने जुना नियम हलवला. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त द्या, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जायचं. अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांत ७ पर्यंत वाट पाहिलेल्यांचं काही बिघडलं नाही. महिनाभरातले मृत्यू उलट थोडे कमीच होते. २०११ साली खुब्याच्या ऑपरेशनच्या म्हाताऱ्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या दोन हजारांवर रुग्णांत ८ चा उंबरठा १० इतकाच सुरक्षित ठरला. आणि २०१४ साली अशा अनेक चाचण्या एकत्र करून संसर्ग मोजला, तेव्हा हात आखडता घेतलेल्या गटात गंभीर संसर्ग ११.८ टक्के आणि सढळ हाताने रक्त दिलेल्या गटात १६.९ टक्के निघाले. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले असल्याने आजारी माणसालाच जास्त रक्त मिळतं, ही जुनी पळवाट इथे चालत नाही. माझ्या मते रक्त आणि संसर्ग यांच्या नात्याचा हा सर्वांत भरवशाचा पुरावा.

अर्थात याचा अर्थ रक्ताला घाबरायचं असा नाही. बाळंतपणात भळाभळा रक्त जात असेल, अपघातात प्लीहा फाटली असेल, तिथे पिशवी म्हणजे जीव. ताज्या हृदयविकाराच्या झटक्यातल्या रुग्णांत तर २०२३ च्या एका मोठ्या चाचणीचा कल सढळ हाताने रक्त देण्याकडेच झुकलेला दिसला, जरी फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आक्षेप आहे तो टॉनिक म्हणून दिलेल्या पिशवीला. ‘थोडा अशक्तपणा आहे, एक बाटली चढवून टाका’ या वाक्यातल्या ‘टाका’ला.

आणि हे वाक्य आपल्याकडे वरचेवर ऐकू येतं, याला कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. अंगावरून जातंय म्हणून गर्भाशयाची पिशवी काढायला आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन साडेसात असतं आणि ऑपरेशन परवावर ठेवलेलं असतं. मग दोन पिशव्या. तिच्या अंगावरून सहा महिने जात होतं. तेवढ्यात पाळीचा रक्तस्राव औषधाने आटोक्यात ठेवून लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देता आलं असतं. शिरेतलं लोह हीसुद्धा रामबाण गोष्ट नाही. ब्रिटनमधल्या २०२० च्या चाचणीत पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी काही आठवडे ते देऊनही रक्त चढवण्याचं प्रमाण घटलं नाही. ऑपरेशनच्या वेळी ट्रॅनेक्झामिक ॲसिड देण्याचा पुरावा जास्त पक्का आहे. १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतींनी शोधलेलं हे औषध आपल्याकडे स्वस्तात मिळतं. २०२२ साली छापलेल्या साडेनऊ हजार रुग्णांच्या चाचणीत त्याने मोठा रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ वर आणला. तरीही रक्त लागलंच, तर एक पिशवी लावावी, हिमोग्लोबिन पुन्हा तपासावं आणि मगच दुसरीचा विचार करावा. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढतं, आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरतं.